पाच झबली

डिलाईल रोड,
१४ जून २०२२

रुपाली,

पत्र बघून हसशील. हस. लाइटच्या बिलाशिवाय हल्ली कुणाच्या दारात कागद येत नाही. पण मी काही पाठवलं की तुझ्या फोनवर एकच टिक उमटते, आणि तीही करडीच राहते. शेवटी शेजारच्या संघमित्राने सांगितलं, "काकू, तिने तुम्हाला ब्लॉक केलंय." पोटच्या पोरीने आपल्याला दार लावून घेतलंय, हे मला शेजारच्या पोरीकडून कळावं! चार महिने झाले.

म्हणून हे गंगुबाईच्या हाती देते. तिला तू लहानपणापासून बघतेस. वाड्यावाड्यांतून जुने कपडे घ्यायचे, बदल्यात स्टीलचं भांडं द्यायचं, आणि त्यातलं बरं असेल ते माझ्यासारख्या शिवणाऱ्या बायकांना आणून विकायचं. मंगळवारी तिचा तुमच्या फणसवाडीचा फेरा असतो. चिठ्ठी डब्यात घालून देते म्हणाली. डबा मात्र परत दे, तिचा धंद्याचा आहे.

मी बरी आहे. मशीन कुरकुरतं, पण ते तुझ्याहून दोन वर्षांनी मोठं आहे, त्याला हक्क आहे. समोरच्या टॉवरचा बत्तिसावा मजला झाला. दुपारी तीननंतर खोलीत उजेड येत नाही, म्हणून सकाळीच दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवते. आधी हे काम तुझं होतं. तू डाव्या हाताने ओवायचीस आणि मी फूटपट्टीने मारायची. तरी तुझा टाका डावीकडे कललेलाच यायचा. शंभर टाक्यांत तुझा एक टाका मी आजही ओळखून काढीन.

आता तुझं बोलणं बंद आहे ते साखरपुड्यापासूनच्या रागाने, हे मला कळतं. साडेतीन वर्षं सणावाराला तोंडदेखलं येत होतीस, तेही थांबवलंस. पण रुपाली, चूक माझ्या एकटीची नव्हती. तुझ्या सासूबाईंनी भर हॉलमध्ये आपली अब्रू काढली, ती तू विसरलीस आणि आईचं तेवढं लक्षात ठेवलंस. दवाखान्यातल्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. तू तेव्हा आजारी होतीस, माणूस आजारपणात काहीही बोलतो.

तब्येतीला जप. नाचणीचं सत्त्व खा.

तुझी
आई


डिलाईल रोड,
२० ऑक्टोबर २०२२

रुपाली,

गंगुबाईला विचारलं, काय म्हणाली गं? तर म्हणते, "भाभी, लेटर घेतला. वाचला का नाय, ते देवाला ठाऊक. पन माझ्यासमोर फेकला नाय." या एवढ्यावर मी दसरा काढला. आता दिवाळी.

काम खूप आहे. बायकांच्या जुन्या साड्यांचे परकर-पोलके शिवतेय. संघमित्राने जुन्या जीन्सच्या चार पँटी आणून दिल्या, त्यांचं जाकीट करून दिलं, तर तिने त्याचे फोटो इन्स्टावर टाकले. म्हणते, याला अपसायकलिंग म्हणतात काकू, लोक मुद्दाम सांगतात की हे जुन्याचं आहे. मी म्हटलं, आम्ही याला जुन्याचं नवं म्हणायचो आणि मुद्दाम लपवायचो. तिला ते विनोदी वाटलं.

मी का लपवायची ते तुला माहीत आहे. तुझे बाबा गेले तेव्हा तू नववीत होतीस. त्यानंतर तुला नवं ताग्याचं कापड असं मी घेतलंच नाही. तुझे कॉलेजचे सगळे ड्रेस कुणाच्या ना कुणाच्या साडीचे, पडद्याचे, चादरीचे. पण तुझ्या वर्गातल्या एका मुलीला तरी कळलं का? उलट त्या विचारायच्या, तुझा टेलर कोण. तुलाही मी निम्म्या वेळा दादरहून नवं आणलं असंच सांगायची. पोरीची मान वर राहावी म्हणून.

साखरपुड्याचंही तसंच. तू माझी बाजू कधी ऐकून घेतली नाहीस, म्हणून लिहिते. ती आमसुली नारायणपेठ, हिरव्या काठांची, मी गंगुबाईकडून घेतली. तुला सांगितलं, दादरच्या दुकानातली आहे. बरं, नव्हती. त्यात काय एवढं? सात दिवस खपून मी तिचा घेरदार ड्रेस शिवला. तू घालून आरशासमोर उभी राहिलीस तेव्हा मला तुझ्या बाबांची फार आठवण आली. ती साडी नेमकी तुझ्या होणाऱ्या सासूबाईंची असेल, हे मला स्वप्नात तरी कळणार होतं का? मुंबईत काय साड्यांना तोटा आहे? आणि ओळखली तर ओळखली, मोठ्या मनाच्या बाईने गप्प बसायचं. ललिताबाईंनी शंभर माणसांत बोलून दाखवलं, आणि लोकांनी अस्तर उलटून त्यांचा रफू शोधून काढला. त्यांना कुणी काही म्हणत नाही. सगळं माझ्या माथी.

चकल्या पाठवतेय. तिखट कमी आहे.

तुझी
आई


डिलाईल रोड,
१४ मार्च २०२३

रुपाली,

गंगुबाई काल सांगून गेली. "भाभी, तुझ्या पोरीला सहावा लागला. पोट दिसतंय आता." मी तिला पेढा द्यायला हवा होता. मला आनंद झाला नाही, भीती वाटली. आणि भीती कशाची, हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तू तिथे होतीस, तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिलं. इतकी सवय झाली आहे मला.

ललिताबाईंनी अब्रू काढली नव्हती. त्यांनी तुझा घेर हातात घेतला आणि हसून म्हणाल्या, "अय्या, ही तर माझीच नारायणपेठ! इस्त्रीने जळली म्हणून भांडीवालीला दिली होती. सोनं केलंत हो तिचं, सुभद्राताई." असं म्हणाल्या होत्या त्या. सोनं केलंत. तेव्हा मी "हो बाई, तुमचीच" म्हणून हसले असते, तर चहा येईपर्यंत सगळे विसरले असते. उलट चार बायका माझ्याकडे ब्लाउज टाकायला आल्या असत्या.

पण माझ्या तोंडून निघालं, "छे हो, दादरहून नवी आणली." त्या बिचाऱ्या गप्प झाल्या. अनिश त्यांना गमतीने म्हणाला, "आई, तुझा रफू शोध ना, मग कळेल." तेव्हा तू त्याच्याकडे वळून म्हणालीस, "माझी आई खोटं बोलत नाही." आणि मी, रुपाली, मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, "माझ्या लेकीची शपथ, नवी आहे." कुणी शपथ मागितली नव्हती.

आणि अस्तर लोकांनी नाही उलटलं. तू उलटलंस. हसत हसत, सगळ्यांना दाखवायला, की बघा, काही नाही.

तो जळका तुकडा मी कापून टाकायला हवा होता. पण तेवढा घेर कमी झाला असता. तुला गोल गिरकी घेता यावी म्हणून मी तो ठेवला आणि वरून अस्तर लावलं. हिरव्या दोऱ्याचा रफू होता, बारीक, सुरेख. तुझ्या हातात तो आला तेव्हाचा तुझा चेहरा मी रोज बघते.

अजून एक आहे. हे तुलाही माहीत नाही. साडी घेताना गंगुबाई म्हणाली होती, "तुझी पोरगी जिकडे द्यायची हाय ना, त्याच वाडीतली हाय ही." कुठल्या घरातली, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर परत करावी लागली असती. आणि मला वाटलं, मी कापलेलं कापड कोण ओळखणार! नव्या कापडाची ऐपत नव्हती असं नाही गं. तुझ्या बाबांच्या मागे थोडं बाजूला ठेवलेलं होतं. पण ताग्यावरचं कापड मला त्या साडीपुढे पाणचट वाटलं. मला माझा हात दाखवायचा होता. गरिबी पुढे करून मी इतकी वर्षं माझा माज लपवला.

आता दवाखाना. मागच्या वर्षी सातव्यात तुझं बाळ गेलं. मी आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून होतीस. मी पाठीवर हात ठेवला, तर म्हणालीस, "माझ्या डोक्यावर ठेवला होतास, आठवतंय?" एवढंच. त्यानंतर एक शब्द नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं कारण वेगळं आहे, मला माहीत आहे. शपथेने बाळं जात नाहीत. संघमित्राही तेच म्हणते. पण तू ते बोललीस आणि मला ते खरं वाटलं, अजून वाटतं. कारण मी त्या दिवसापासून आजपर्यंत तुला एकदाही म्हटलं नाही की रुपाली, मी चुकले. आज म्हणते. मी चुकले. तू मला माफ कर असं नाही म्हणत. पण ती शपथ खोटी होती, ती मी परत घेते. तुझ्यावर आणि पोटातल्यावर तिचा काही भार नको.

आई


डिलाईल रोड,
२० जून २०२३

रुपाली,

मुलगी झाली. मला गंगुबाईने जिन्याच्या खालूनच ओरडून सांगितलं, सगळ्या चाळीला कळलं. मी या वेळी पेढे वाटले. मग मोरीत जाऊन रडले, कारण मी बघायला येऊ शकत नाही.

बाळाच्या अंगाला पहिलं वस्त्र जुन्याचं लागतं, आणि ते आईच्या माहेरचं. नवं कापड टोचतं त्यांना. हे तुझ्या सासूबाईंनाही माहीत असेल. म्हणून पाच झबली पाठवते आहे. बाळ व्हायच्या आधी काही शिवायचं नसतं. मागच्या खेपेला मला राहवलं नाही म्हणून दोन दुपटी आधीच शिवली होती. ती माझ्या ट्रंकेत आहेत. ती यात नाहीत, घाबरू नकोस. हे सगळं बातमी आल्यावर, काल आणि आज बसून शिवलंय.

कापड कुठलं, ते सांगते. या वेळी सगळं सांगते. तुझ्या बाबांचे मलमलचे दोन सदरे होते. मिलमधून आले की आंघोळ करून घालायचे ते. सतरा वर्षांत मी हजारो लोकांचे कपडे कापले, त्यांना कात्री लावली नव्हती. काल लावली. गेलेल्या माणसाचं कापड बाळाला नको, असं तुमच्याकडे मानत असतील तर घालू नकोस. मला वाईट वाटेल, पण राग येणार नाही. कुठेही जोड नाही, रफू नाही. जिथे विरलं होतं तेवढं कापून टाकलं, म्हणून सहाची पाचच झाली.

पाचही चढत्या मापाची आहेत. दोन्ही कुशींना आत कापड ठेवलंय, पोरगी वाढेल तशी टीप उसवून सैल करता येतील. सगळ्यात मोठ्या झबल्याला बाबांच्या सदऱ्याचा खिसा तसाच लावलाय. झबल्याला खिसा कशाला, असं म्हणशील. ते त्यात तुझ्यासाठी लिमलेटच्या गोळ्या आणायचे. मला तो खिसा फेकवेना.

घालतेस की नाही, हे कळवलं नाहीस तरी चालेल.

आई


डिलाईल रोड,
१२ सप्टेंबर २०२४

रुपाली,

घाईत लिहिते. उद्या सकाळी गंगुबाई तुमच्याकडे परत जाणार आहे. ललिताबाईंनी तिला उरलेलं सामान न्यायला बोलावलंय. म्हणजे हे पत्र तुला मिळेल. यानंतर मिळणार नाही.

आज गुरुवार. ती कधी गुरुवारी येत नाही. आली आणि उंबऱ्यातच बसली. म्हणाली, "भाभी, तुझी पोरगी चालली बंगलोरला. शनिवारी. जावयाची नोकरी तिकडे. घरात नुसते खोके." मग तिने गाठोड्यातून एक फडकं काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. सोडलं तर झबली. बाबांच्या सदऱ्याची.

चौदा-पंधरा महिने मी पत्र लिहिलं नाही. म्हटलं, आपण मागे लागायचं नाही, घालत असेल तर घालत असेल. आणि आता ती भांडीवालीला दिलेली! म्हटलं, बरोबर आहे. जशास तसं. मी तुला भांडीवालीचं कापड घातलं, तू मला तेच परत केलंस. मी गंगुबाईला तोडूनच विचारलं, "काय घेतलं त्याच्यावर? पातेलं का डबा?"

ती म्हणाली, "कायपन नाय घेतला. मी टोप दिला, तर नको बोलली. बोलली, हे तू जिकडे न्यायचं तिकडे ने." गंगुबाई आयुष्यात कुणाकडून फुकट कपडा घेत नाही. तिला चैन पडेना, म्हणून ती आज आली.

तिला चहा दिला आणि मी चष्मा लावला.

गळ्याला दुधाचे पिवळे डाग. एकाच्या बाहीला हळद, की वरणाचं असेल. एक नाडी चावून चावून पार लोंबलेली. घातलीस तू. नुसती घातली नाहीस, दोन्ही कुशींची टीप उसवून सैल केलीस. दोनदा केलीस एकेक, जुन्या टाक्यांची भोकं दिसतात. आणि नवे टाके हाताचे, डावीकडे कललेले. मी बोट फिरवलं त्यांच्यावरून. शिंप्याकडे नाही टाकलंस. खूप वेळ मी रडत होते.

मग मी टेप घेतली. माझ्या नातीला मी पाहिलेलं नाही, पण तिची मापं आता माझ्याकडे आहेत. छातीला चांगली आहे, खांद्याला तुझ्या बाबांवर गेली आहे. उंचीने कपडा लवकर कमी पडतो तिला. गंगुबाई म्हणते तिला मनू म्हणतात. हे नाव की हाक, ते तिला सांगता आलं नाही. ललिताबाईंनी बारशाला तिला यातलंच पहिलं झबलं घातलं होतं, हेही तिने आज सांगितलं. इतके दिवस का नाही बोललीस म्हटलं, तर म्हणते, "तू कुठे विचारला?" खरंच, मी विचारलं नव्हतं.

सामान बांधताना लहान झालेले कपडे काढून टाकायचे होते म्हणून तू ही दिलीस, की मला मिळावीत म्हणून दिलीस, ते मला कळत नाही. दोन्ही असेल. रिकाम्या होणाऱ्या घरात टोप तरी कोण घेईल! मी मनाला येईल ते समजून चालणार नाही. तसं समजून चालायची मला खोड आहे आणि तिने आपलं काय केलं ते आपण दोघींनी पाहिलंय. तू बोलावलं नाहीस, म्हणून शनिवारी मी येणार नाही. तुमच्या वाडीच्या तोंडाशी लांब उभी राहून बघावं, असं मनात आलं होतं. तेही करणार नाही.

पण एक आहे. घडी घालताना मी मोजली. चार.

गाठोडं झटकलं. गॅलरीत जाऊन बघितलं. गंगुबाईला विचारलं, वाटेत पडलं का गं एखादं? ती उखडली. "मी काय चोरते काय? चारच दिली पोरीने. मोजून दिली." मोजून दिली म्हणाली.

म्हणजे खिशाचं तुझ्याजवळ आहे. मनूला ते आता येत असेल म्हणून ठेवलंस, की कुठल्या खोक्याच्या तळाशी राहिलं, हे मी विचारत नाही. पण असेल तर ऐक. आता ते तिला अंगाबरोबर बसत असेल, दिवाळीच्या सुमारास घट्ट होईल. त्याच्या दोन्ही कुशींना आत दोन-दोन बोटं कापड आहे. कात्री लावू नकोस, मलमल फार जुनी आहे, फाटेल. सुईच्या टोकाने एकेक टाका उचल, घाई करू नकोस.

आणि डाव्या हातानेच शिव.

आई